मॉर्मन चर्च ‘वाळीत’ टाकतं का?

प्रश्न असा: मॉर्मन चर्चमधल्या (अमेरिकेत जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ) एक्सकम्युनिकेशनला, म्हणजे सभासदाला चर्चमधून काढून टाकण्याला, मराठीत काय म्हणावं? ‘वाळीत टाकणे’, ‘बहिष्कार टाकणे’ की ‘बहिष्कृत करणे’?

‘वाळीत टाकणे’ नकोच. वाळीत टाकलं की पाणवठा, रोटी-बेटी, मयताला खांदा, सगळं तुटतं. त्या घराशी बोलणाऱ्यालाही दंड बसतो. सॉल्ट लेक सिटीतल्या मूळ चर्चमध्ये तसं नाही. सभासदत्व गेलेल्या माणसाला रविवारच्या सभेला येता येतं, त्यानं यावं अशीच अपेक्षा असते. बंद होतं ते हे: ब्रेड-पाण्याचं प्रभुभोजन, सभेत बोलणं किंवा प्रार्थना म्हणणं, चर्चमधली जबाबदारी, दशमांश देणं, मंदिरप्रवेश (मंदिर म्हणजे रविवारच्या सभागृहाहून वेगळी पवित्र वास्तू) आणि तिथल्या मंदिरविधीनंतर आतून घालायची पवित्र वस्त्रं. शेजारीपाजारी तोंड फिरवतात तेव्हा तो त्यांचा स्वभाव, चर्चचा हुकूम नव्हे. युटा-अ‍ॅरिझोना सीमेवरचा बहुपत्नीक फुटीर पंथ मात्र वेगळा. तिथे पंथप्रमुख वॉरन जेफ्स पुरुषांना हाकलून त्यांची बायकामुलं दुसऱ्यांच्या हवाली करत असे. तिथे ‘वाळीत टाकणे’सुद्धा सौम्यच वाटेल.

‘त्यांच्यावर बहिष्कार टाकला’ म्हटलं की दुकानावर किंवा निवडणुकीवर टाकतात तो बहिष्कार डोळ्यांपुढे येतो. ‘चर्चमधून बहिष्कृत केलं’ हे चालेल, पण तारीख पाहून. फेब्रुवारी 2020 च्या नियमपुस्तिकेत चर्चनं स्वतःच शब्द बदलले. शिस्तसमितीची ‘सभासदत्व समिती’ झाली, एक्सकम्युनिकेशनच्या जागी ‘सभासदत्व काढून घेणं’ आलं आणि डिसफेलोशिपच्या, म्हणजे सभासदत्व ठेवून हक्क थांबवण्याच्या, जागी ‘औपचारिक निर्बंध’. 2020 नंतरच्या प्रकरणाला तेच शब्द वापरावेत.

एक्सकम्युनिकेशन आणि डिसफेलोशिप या दोन शब्दांची गल्लत सर्रास होते. सप्टेंबर 1993 मध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली. ‘सहाही जण बहिष्कृत’ असं लिहिणं चूक. पाच बहिष्कृत झाले, सहाव्या व्यक्तीवर निर्बंध आले, सभासदत्व राहिलं. समितीपुढे चार निकाल असतात: सभासदत्व निर्वेध, बिशप (वॉर्डचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख) किंवा स्टेक (अनेक वॉर्डांचा गट) अध्यक्षाकडून वैयक्तिक समुपदेशन, औपचारिक निर्बंध, सभासदत्व काढून घेणं. म्हणून समिती ‘बसली’ म्हणजे माणूस ‘गेला’ असं लिहू नये. वॉर्डच्या पातळीवर बिशप आणि त्याचे दोन सल्लागार बसतात. मंदिरविधी घेतलेल्या व्यक्तीचं सभासदत्व जाण्याची शक्यता असेल तर प्रकरण वरच्या स्टेककडे जातं. नोटीस लेखी असते. बिशपच्या निकालावर स्टेक अध्यक्षाकडे अपील करता येतं, स्टेकच्या निकालावर थेट सर्वोच्च अध्यक्षमंडळाकडे. मुदत 30 दिवस. या सगळ्याला ‘खटला’ म्हणण्याचा मोह टाळावा, कारण 1835 पासूनच्या त्यांच्या धर्मवचनात माणसाच्या मालमत्तेचा वा जिवाचा निवाडा करण्याचा अधिकार धर्मसंस्थेला नाही असं स्पष्ट म्हटलंय.

कॅथलिक बातम्यांतला शब्द जसाच्या तसा उचलूनही भागत नाही. कॅथलिक माणूस बहिष्कृत झाला तरी त्याचा बाप्तिस्मा कायम राहतो. मॉर्मन माणसाला परतायचं तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो, सहसा किमान वर्षभरानं. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा सुरुवातीचा साथीदार ऑलिव्हर काउडरी 1838 मध्ये बहिष्कृत झाला आणि 1848 मध्ये पुन्हा बाप्तिस्मा घेऊन परतला. म्हणजे ‘सभासदत्व काढून घेणं’ हा शब्द रुक्ष असला तरी घडतं ते नेमकं तेच. आणि सभासदानं स्वतः लेखी कळवून नाव कमी करून घेतलं असेल, तर ‘चर्च सोडलं’ एवढंच लिहावं.