मागून धडक बसली, चूक कोणाची?

माउंटन बाइक शर्यतीतले ओव्हरटेक आणि अपघात यांबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : उतारावरच्या सिंगलट्रॅकवर (एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद वाटेवर) मी पुढच्या रायडरला ‘राइट, राइट’ असं ओरडून सांगितलं. तो नेमका उजवीकडेच सरकला. माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं, मी पडलो, कॉलरबोन मोडलं. तो थांबलाही नाही. चूक त्याचीच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हाड मोडलंय, त्यामुळे हे ऐकायला कठीण जाईल, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून जबाबदारी तुमची ठरते. दोघांमध्ये समोरचं सगळं दिसत होतं ते तुम्हाला. पुढच्याला फक्त आवाज आला आणि ‘राइट’ म्हणजे मी उजवीकडून येतोय की तू उजवीकडे हो, हे त्याला घाईत कळलं नाही.

चाकाला चाक घासलं की बहुतेक वेळा मागचाच पडतो. सायकलचा तोल आपण पुढचं चाक वळवून सावरत असतो. तेच चाक दुसऱ्याच्या टायरला टेकलं की वळवता येत नाही आणि तोल गेला की सावरायला काही उरत नाही. पुढच्याला मात्र फक्त धक्का जाणवतो. म्हणून त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक घुसवून ठेवायचं नाही. एक तर पूर्ण मागे राहा, नाही तर पूर्ण पुढे जा.

आता अंतराचं बघू. ताशी 20 किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. हाक ऐकून, समजून, हँडल वळवायला माणसाला एक-दीड सेकंद लागतो, म्हणजे साडेपाच ते आठ मीटर गेले. दोन मीटरवरून मारलेल्या हाकेने पुढचा फक्त दचकतो. हाक 15 मीटरवरून द्या आणि पूर्ण द्या: ‘मी उजवीकडून येतोय’ किंवा ‘वळणानंतर साइड दे’. उत्तर येईपर्यंत थांबा. मग एक-दोन वळणं त्याच्यामागे राहून तो ब्रेक कुठे मारतो ते पाहा, कारण पुढची संधी तिथेच मिळते.

जागेचा हिशेबही आधी करा. आजकाल हँडलबार 740 ते 780 मिलिमीटरचे असतात. दोन शेजारी आले की दीड मीटर तिथेच गेले, कोपरं वेगळी. दोन मीटर मोकळी वाट नसेल तर ओव्हरटेक नाही. सह्याद्रीतल्या मुरमाच्या वाटेवर तर दाबून घट्ट झालेला पट्टा मध्ये वीतभर असतो आणि कडेला सुट्टे खडे. त्यावर ब्रेक मारला की चाक सरकतंच. ओव्हरटेक करायचा तो चढावर, रुंद रस्त्यावर, नाही तर वळणातून बाहेर पडताना जोर लावून. पुढे गेल्यावर सायकलभर अंतर पडेपर्यंत त्याच्या लाइनवर, म्हणजे तो सायकल चालवतोय त्या मार्गावर, येऊ नका.

तो थांबला नाही, हे मात्र चूकच. तुम्ही पडल्याचं त्याला कळलं असेल तर निदान पुढच्या मार्शलला (वाटेवर नेमलेल्या आयोजकांच्या माणसाला) सांगणं त्याचं काम होतं. आणि तो मुद्दाम आडवा आला असता तर आमचं उत्तर बदललं असतं. तसं कधी झालं तर त्याचा बिब नंबर (स्पर्धक क्रमांक) आणि जागा लक्षात ठेवून निकाल जाहीर होण्याआधी कमिसेअरकडे (शर्यतीच्या पंचाकडे) तक्रार करा.

प्रश्न : मी हळू चालवते. मागून आलेले ओरडतात आणि मी घाबरून झुडपात शिरते. नियम काय सांगतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : यूसीआय या जागतिक संघटनेच्या नियमानुसार वेगवान रायडरला अडवायचं नाही, त्याला जाऊ द्यायचं. त्यासाठी वाट सोडून उडी मारायला कुणी सांगितलेलं नाही. अचानक थांबणं आणि अचानक सरकणं ही दोन्ही धोक्याची. आपली लाइन सरळ धरा, ‘झाडानंतर देते’ असं मोठ्याने सांगा आणि त्या झाडानंतर खरोखर द्या. मागचा थांबतो तो तुमच्या शब्दावर.

पूर्ण फेरीने मागे पडला असाल तर पहिली सोयीची जागा दिसताच बाजू द्या. ऑलिंपिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्रीत 80 टक्क्यांचा नियम त्यासाठीच आहे: आघाडीच्या रायडरच्या पहिल्या फेरीच्या वेळेपेक्षा 80 टक्के जास्त वेळ घेणाऱ्याला शर्यतीतून बाहेर काढतात. सायकल ढकलत चालत असाल तर कडेने चला आणि सायकल वाटेच्या बाहेरच्या अंगाला धरा, म्हणजे हँडल वाटेत येत नाही.

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक शर्यतीत ब्रिटनच्या पिडकॉकने फ्रान्सच्या कोरेत्झकीला धक्का देऊन सुवर्ण घेतलं. ते योग्य होतं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 29 जुलै 2024 ला पॅरिसजवळच्या एलांकूरच्या टेकडीवर शेवटच्या फेरीत वाट एका झाडापाशी फुटत होती. व्हिक्टर कोरेत्झकी एका बाजूने गेला, टॉम पिडकॉक दुसऱ्या. वाटा जुळताना दोघं एकमेकांना घासले. प्रेक्षकांनी हुर्यो केली, निकाल मात्र कायम राहिला. आमच्या मते ते बरोबर होतं. दोन्ही लाइन कोर्सवरच्या होत्या आणि लढत पहिल्या जागेसाठी होती. पण हाच डाव चाळिसाव्या जागेसाठी, हौशी गटात, अनोळखी रायडरवर टाकू नका. समोरच्याला तो अपेक्षित नसतो.

प्रश्न : माझा 16 वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या धडकेने पडला. आयोजक म्हणतात, फॉर्मवर तुमची सही आहे. खर्च कोणाकडे मागायचा?
– एक पालक, नाशिक

उत्तर : भारतीय न्याय संहितेचं कलम 25 (जुन्या दंड संहितेचं 87) सांगतं की प्रौढ माणसाने संमती दिली असेल आणि मृत्यूचा किंवा गंभीर दुखापतीचा हेतू किंवा जाणीव नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्याने उदाहरण दिलंय ते तलवारबाजीचं, आणि त्यातही खेळ लबाडीविना झाला पाहिजे अशी अट आहे. हे कलम 18 वर्षांवरच्यांच्या संमतीबद्दल बोलतं, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याचा तसाच आधार घेता येणार नाही.

पण हा झाला गुन्ह्याचा भाग. भरपाईचा प्रश्न निष्काळजीपणावर ठरतो. उतारावरच्या दगडापाशी मार्शल नव्हता, वाट चुकीची आखली होती, अँब्युलन्स नव्हती, असं काही असेल तर फॉर्मवरच्या सहीने आयोजकांची जबाबदारी आपोआप संपत नाही. जागेचे फोटो, बिब नंबर, मार्शलचं म्हणणं आणि उपचारांची कागदपत्रं गोळा करून वकिलाला दाखवा. स्पर्धेचा विमा होता का, तेही लेखी विचारा. तुमच्या अपघात पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. अनेक पॉलिसींत शर्यत वगळलेली असते. तुटलेली फ्रेम मात्र शर्यतीत बहुधा आपल्याच खर्चाने बदलावी लागते.

प्रश्न : समोर कुणी पडलं तर आधी काय करायचं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आधी वरच्या बाजूला 20-30 मीटर जाऊन, दोन्ही हात वर करून मागून येणाऱ्यांना थांबवा. ते न करता जखमीपाशी बसलात तर पुढची सायकल तुम्हा दोघांवर येईल. दुसरा कुणी असेल तर त्याला मार्शलकडे पाठवा. मान दुखत असेल किंवा पडलेला गोंधळल्यासारखा बोलत असेल तर त्याला हलवू नका, हेल्मेट काढू नका, 108 ला फोन करा. उठून चालू लागला तर सायकल वाटेबाहेर घ्या आणि हँडल पुढच्या चाकाशी सरळ आहे का, ब्रेकची डिस्क वाकली का, मागच्या डिरेल्यरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, आत वळला का, ते बघा. वाकलेल्या हँगरवर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेल्यर चाकाच्या तारांत जातो. डोकं आपटलं असेल तर शर्यत तिथेच सोडायची आणि हेल्मेट बदलायचं, तडा दिसत नसला तरी.