हॉस्टेलमध्ये आठवड्यातून ५-६ रात्री इन्स्टंट नूडल्स खाल्ल्याने तब्येतीवर काय परिणाम होतो?

तुम्ही लिहिलंय की मेस लवकर बंद होते, रात्री एकला भूक लागते, खोलीत फक्त इलेक्ट्रिक केटल आहे आणि एका वेळी दोन पाकिटं संपतात. तेव्हा हिशोब दोन पाकिटांचाच करू.

साधं ७० ग्रॅमचं पाकीट घेतलं तर त्यात साधारण ३०० कॅलरी, १० ग्रॅमच्या आसपास फॅट, ६ ग्रॅम प्रोटीन आणि ८०० ते ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. ब्रँडनुसार आकडे थोडे बदलतात, पाकिटामागचा तक्ता बघा. काही कंपन्या आकडे १०० ग्रॅमचे देतात, ते तसेच पाकिटाचे समजू नका. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. म्हणजे तुमच्या दोन पाकिटांत चार-साडेचार ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अख्ख्या दिवसाला ५ ग्रॅम आहे, आणि मेसची भाजी, आमटी, लोणचं, पापड तुम्ही आधीच खाल्लेलं असतं.

हे मीठ मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण कॉलेजच्या वयात त्याने काहीच जाणवत नाही. रात्री तहान लागते, सकाळी चेहरा थोडा सुजल्यासारखा वाटतो, एवढंच. रक्तदाब वाढायला वर्षं लागतात. घरात आई-वडिलांना बीपी असेल तर वर्षातून एकदा स्वतःचं मोजून घ्या.

फॅटचं कारण बनवण्याच्या पद्धतीत आहे. नूडल्सच्या शेवया बहुधा वाफवून पामतेलात तळतात. तळताना आतलं पाणी उडतं, बारीक छिद्रं पडतात आणि त्यांत तेल शिरतं. त्याच छिद्रांतून नंतर गरम पाणी आत जातं, म्हणून शेवया दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. पामतेलातलं जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारं असतं. 'आटा' लिहिलेली पाकिटंही बहुधा तळलेलीच असतात आणि मीठही तेवढंच असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका.

शेवयांवर मेणाचा थर असतो हे खोटं आहे. अजिनोमोटोचीही भीती बाळगू नका, नेहमीच्या प्रमाणात त्याने अपाय होत नाही. दक्षिण कोरियातल्या १०,७११ प्रौढांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा इन्स्टंट नूडल्स खाणाऱ्या बायकांमध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) यांचं एकत्र बिघडणं, जास्त आढळलं. पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, पण पाच-सहा रात्री जास्तच आहेत असं म्हणायला तो मला पुरेसा वाटतो.

विद्यार्थ्यांचं खरं नुकसान मात्र ताटात जे आलंच नाही त्याने होतं. ६० किलो वजनाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रोटीन लागतं. तुमच्या ६०० कॅलरींतून १२ ग्रॅम आलं, तेही गव्हाचं, ज्यात लायसिन हा प्रोटीनचा गरजेचा घटक कमी. फायबर नावापुरतं. मैद्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि लवकर रिकामं होतं, म्हणून दुसरं पाकीट फुटतं. मुलींनी तर लोहाकडे बघायलाच हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता.

आता केटलपुरतं. शेवया केटलमध्ये उकळू नका. पिठाळ फेस उतू जातो, तळाला चिकटून करपतो आणि केटल बिघडते. पाणी उकळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात एकाच पाकिटातल्या शेवयांवर ओता, ५ मिनिटं झाका आणि ते पाणी फेकून द्या. थोडं तेल आणि शेवयांतलं थोडं मीठ त्यात जातं. मग ताजं गरम पाणी आणि निम्मा मसाला घाला. निम्म्या मसाल्याने मीठ निम्मं होत नाही, कारण शेवयांतही ते असतं, तरी बराच फरक पडतो. चव कमी वाटली तर लिंबू पिळा.

दुसऱ्या पाकिटाच्या जागी दोन अंडी. थंड पाण्यात बुडवून केटल लावा, उकळून बंद झाली की झाकण न उघडता १५ मिनिटं ठेवा. सुमारे १२ ग्रॅम प्रोटीन मिळतं. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम सोया चंक्स उकळत्या पाण्यात १० मिनिटं भिजवून घट्ट पिळा, प्रोटीन जवळपास तेवढंच. पिळले नाहीत तर वास राहतो आणि मग कोणी खात नाही. मूठभर मटार किंवा किसलेलं गाजर वरून घाला.

बाकीच्या रात्री दडपे पोहे करा, त्यांना केटलही लागत नाही. दोन वाट्या पातळ पोह्यांवर चिरलेला कांदा-टोमॅटो, लिंबू, चिमूट मीठ-साखर, मूठभर भाजलेले दाणे, सगळं कालवून १० मिनिटं दडपून ठेवा. जाडे पोहे घेतलेत तर कोरडे राहतील. दाणे सोडू नका, प्रोटीन मुख्यतः त्यांतूनच येतं. खाऊन लगेच आडवे होऊ नका, रात्रीच्या जळजळीचं ते मोठं कारण असतं.

नूडल्स आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, एकच पाकीट आणि सोबत अंडं किंवा सोया, इतपत मला चालेल. कप नूडल्स त्यात धरू नका, त्यांच्यातलं मीठ अनेकदा आणखी जास्त असतं आणि मसाला बहुधा आधीच मिसळलेला असल्याने कमी करता येत नाही.