अ‍ॅनायन गॅप वाढलाय, पण कारण सापडत नाही?

निपाणीत एकटीने नाइट ड्युटी करतेस, गोंधळ होणारच गं. सुरुवातीला एवढंच धर.

गॅप म्हणजे रक्तात एरवी न मोजल्या जाणाऱ्या आम्लांचा अंदाज. तो स्वतः काढ: सोडियम वजा क्लोराइड, वजा बायकार्बोनेट. अल्ब्युमिन 4 च्या खाली जितके ग्रॅम, दर ग्रॅममागे 2.5 मिळव. खंगलेल्या पेशंटमध्ये हे राहिलं की वाढलेला गॅप नॉर्मल वाटतो.

मग लॅक्टेट, कीटोन, क्रिएटिनिन. तिथेही उत्तर नाही? गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लाव. मराठी उमगत नसेल तर कानडीत ‘गुळिगी’ म्हणून विचार, लगेच काढतात. खानापूरकडच्या एका आजींची शुगर 180 होती, म्हणून आम्ही कीटोअ‍ॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) बाजूला ठेवला. पिशवीत डापाग्लिफ्लोझिनची अर्धी संपलेली पट्टी निघाली. डायबेटिसच्या या गोळीने शुगर फार न चढताही कीटोअ‍ॅसिडोसिस होतो.

आणखी तीन लक्षात ठेव:
- रोज पॅरासिटामॉल घेणारी कुपोषित बाई: ऑक्सोप्रोलिन हे आम्ल साचतं
- दारूनंतर धूसर दिसणं: मिथेनॉल, थांबू नकोस, लगेच वर कळव
- दारुडा, लॅक्टेट चढलेलं: थायमिन दे

नेहमीची चूक म्हणजे लघवीच्या पट्टीवर विसंबणं. ती बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा मुख्य कीटोन पकडतच नाही, रक्तातले कीटोन बघ. ऑस्मोलर गॅप, डेल्टा रेशो पुढच्या महिन्यात, बसून शिकवतो.