फिल्म पातळ हवी, तर हळू ओढायचं का?

प्रश्न : मी सिलिकाच्या सोलमधून (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण पसरलेला द्रव) काचेच्या पट्ट्यांवर डिप कोटिंग करते, म्हणजे पट्टी द्रवात बुडवून वर ओढते आणि तिच्यावर लेप चढतो. पट्टी हळू वर ओढली की थर पातळ येतो, असं शिकले होते आणि तसा येतही होता. पण वेग सेकंदाला ०.०५ मिलिमीटरवर आणला, तर थर उलट जाड झाला. यंत्र बिघडलंय का? — एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : यंत्राला हात लावू नका. तुमचं मोजमाप बहुधा बरोबर आहे.

तुम्ही शिकलात तो नियम लांडाउ आणि लेव्हिच या शास्त्रज्ञांचा, १९४२चा. पट्टी वर जाताना चिकटपणामुळे द्रव तिच्याबरोबर ओढला जातो, पृष्ठताण त्याला मागे खेचतो. किती द्रव वर निसटणार याचा निकाल मेनिस्कसच्या (पट्टीलगत वर चढलेल्या द्रवाच्या वक्र कडेच्या) माथ्यावरच्या एका चिंचोळ्या भागात लागतो. वरची सगळी फिल्म त्या निकालाची नक्कल. जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, म्हणजे वेग आठपट तर जाडी चौपट. शुद्ध पाण्यासाठी गणित केलं तर सेकंदाला १ मिलिमीटर वेगाला सुमारे दीड मायक्रॉन आणि ८ मिलिमीटरला सहा मायक्रॉन येतात.

पण या गणितातला द्रव कधी वाळतच नाही! तुमच्या सोलमध्ये अल्कोहोल असणार, आणि ते सतत उडत असतं. वेग जास्त असला तर आधी फिल्म वर जाते, मग वाळते. तेव्हा लांडाउ-लेव्हिच चालतात. वेग फारच कमी असला तर द्रव मेनिस्कसच्या काठाशीच वाळू लागतो. उडालेल्या द्रावकाची जागा घ्यायला खालून ताजा सोल वर खेचला जातो आणि येताना सिलिका घेऊन येतो. पट्टी जितकी रेंगाळेल तितकी सिलिका त्या काठाशी साचत जाईल. इथे जाडी वेगाच्या व्यस्त प्रमाणात जाते. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद होतो त्यामागचा प्रवाह याच जातीचा. डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो उलगडून दाखवला.

या दोन राजवटींच्या मधे कुठेतरी सर्वांत पातळ थर मिळतो. अल्कोहोलच्या सोलसाठी ती जागा बहुतेकदा सेकंदाला ०.१ ते १ मिलिमीटरच्या पट्ट्यात सापडते. तिथून खाली उतरून फिल्म आणखी पातळ होणार नाही. त्यासाठी सोलच विरळ करा आणि वेग त्या किमान बिंदूपाशी ठेवा. तिथे वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी जाडी फारशी हलत नाही, हा फायदा लोक विसरतात. संथ वेगाचेही उपयोग आहेत. अगदी विरळ द्रावणातून जाडसर थर हवा असेल तर मी तोच निवडते. पण मग जाडी बाष्पीभवनाच्या हाती गेलेली असते. तापमान, आर्द्रता, हवेची झुळूक, सगळंच फिल्मवर उमटतं. असं कुणी तक्रार घेऊन आलं की मी यंत्राआधी एसीचा झोत कुठे पडतो ते बघते.

प्रश्न : स्पिन कोटिंगमध्ये, म्हणजे चकती गरगर फिरवून तिच्यावर द्रवाचा थर पसरवताना, चकतीवर जास्त द्रव ओतला तर थर जाड येईल का?

उत्तर : नाही, फक्त द्रव वाया जाईल. फिरत्या चकतीवर बाहेरचा प्रवाह जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे जाड भाग झपाट्याने पातळ होतो आणि सुरुवातीला किती ओतलं होतं हे फिल्म विसरून जाते. एमस्ली, बॉनर आणि पेक यांनी १९५८ मध्ये हे मांडलं. शेवटची जाडी संहती, चिकटपणा आणि फेऱ्यांवर ठरते; फेरे चौपट केले की जाडी ढोबळमानाने निम्मी. चकती पूर्ण झाकली जाईल इतकं ओता, बस. जेलसारख्या द्रवांना मात्र हा नियम लावू नका.

प्रश्न : वाळताना लेपावर षटकोनी जाळी का उमटते?

उत्तर : द्रावक उडताना वरचा पृष्ठभाग थंड पडतो, त्याची संहतीही बदलते, त्यामुळे पृष्ठताण जागोजागी वेगळा होतो. द्रव कमी ताणाकडून जास्त ताणाकडे धावतो आणि भोवरे घडतात. बेनार या शास्त्रज्ञाने अशा पेशी, म्हणजे भोवऱ्यांचे षटकोनी कप्पे, १९०० मध्ये पाहिल्या. त्यांचं श्रेय पुढे बराच काळ तापलेल्या द्रवाच्या हलकेपणाला दिलं गेलं. पातळ थरात खरा हात पृष्ठताणाचा, हे १९५०च्या दशकात दिसलं. सावकाश उडणारा द्रावक थोडा मिसळून बघा, किंवा ओला थर आणखी पातळ ठेवा.