पांढऱ्या कोटातला फ्रेंच शिपाई

प्रश्न : नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच शिपायाचं एक रंगीत छापील चित्र माझ्याकडे आलंय. खाली ‘आ पारी, शे मार्तिने’ असं लिहिलंय. पण कोट चक्क पांढरा! फ्रेंच पायदळ निळ्या कोटात असायचं ना? मग हे चित्र खोटं समजायचं का?

उत्तर : खोटं ठरवायची घाई करू नका. एप्रिल १८०६ मध्ये पायदळाला पांढरे कोट देण्याचा हुकूम खरोखरच निघाला होता. निळा रंग यायचा निळीतून आणि इंग्रज आरमाराने समुद्र अडवल्यामुळे नीळ मिळेनाशी झाली होती. मोजक्याच रेजिमेंटांना हे कोट मिळाले आणि १८०७ मध्ये निळा रंग परत आला. ‘आ पारी, शे मार्तिने’ म्हणजे ‘पॅरिसमध्ये, मार्तिनेच्या दुकानात’. या मार्तिनेने आपल्या दुकानातून फ्रेंच सैन्याची चित्रमालिका काढायला सुरुवात केली ती याच सुमारास. म्हणजे काळ जुळतो.

मला काळजी वाटते ती रंगाची. तांब्याच्या पत्र्यावरून फक्त रेषा छापल्या जात; रंग नंतर कुंचल्याने, एकेका प्रतीवर हाताने भरत. एकदा मी एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. रेषा तंतोतंत त्याच, पण एकीत कॉलर लाल आणि दुसरीत पिवळी! तेव्हापासून रंगाची साक्ष मी सगळ्यात शेवटी काढतो.

तुमचा पांढरा कोट म्हणजे नुसता कोरा कागदही असू शकेल. भिंग घेऊन कोटाच्या घड्या पाहा. तिथे पातळ करडा रंग फिरवलेला असेल तर रंगाऱ्याने कोट जाणूनबुजून पांढरा ठेवलाय. मग कॉलर, कफ आणि छातीवरच्या पट्ट्यांकडे वळा. पांढऱ्या कोटावर रेजिमेंट ओळखू यायची ती याच रंगांवरून. चित्राखाली रेजिमेंटचा क्रमांक असेल तर तो या रंगांशी ताडून पाहा.

रेषा खडूने काढल्यासारख्या दाणेदार दिसल्या तर मात्र ते शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र असणार. पॅरिसमध्ये ती कला रुजली १८१५ नंतर. शार्ले, राफे या चित्रकारांची शिपायांची चित्रं त्याच काळातली, नेपोलियनचं साम्राज्य बुडाल्यावर काढलेली. मला ती फार प्रिय आहेत, पण गणवेशाचा पुरावा म्हणून मी ती वापरत नाही.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या ऑनलाइन संग्रहात मार्तिनेची प्लेट शोधून तुमच्या प्रतीशी ताडून बघा. आणि फ्रेम करायला देणार असाल तर कडा अजिबात कापू देऊ नका. प्लेटचा क्रमांक आणि दुकानाचं नाव तिथेच असतं.