ओढणीची वेणी आणि बाबांचा राग

प्रश्न : आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, लहान गटात जातो. गेले तीन-चार महिने शाळेतून आला की माझी ओढणी डोक्याला बांधून ‘वेणी’ करतो, टिकली लावतो, बांगड्या घालून भातुकली मांडतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, ह्यांना मात्र अजिबात खपत नाही. मागच्या रविवारी पाहुण्यांसमोर ह्यांनी ओढणी खेचून काढली. तो रडत पलंगाखाली जाऊन बसला. आता बाबा घरी नसतानाच ओढणी मागतो, आणि मीही ‘बाबा यायच्या आत आवर’ म्हणते. सासूबाई म्हणतात, तूच लाडावून ठेवलायस. हे पत्र ह्यांना दाखवलं, त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या आहेत.
— एक आई, सांगली

*(वडिलांच्या ओळी : पोराचा मला राग नाही. उद्या शाळेत मुलं चिडवतील तेव्हा आई तिथे नसेल. आणि ही सवयच लागली तर?)*

उत्तर : दोघांनी एकाच कागदावर लिहिलंत हे फार बरं केलंत. आता आधी ‘बाबा यायच्या आत आवर’ हे वाक्य आजपासून बंद करा. मुलाच्या खेळात आम्हाला काळजीचं काही दिसत नाही. घरात दोन कायदे झाले आहेत, काळजी त्याची आहे. एका पालकापासून लपवायचं असतं हे साडेचार वर्षांचं मूल फार पटकन शिकतं, आणि मग ते ओढणीपुरतं राहत नाही. पडलं, कुणी मारलं, कुणी नको तिथे हात लावला, तेही लपवायला लागतं.

बाबा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. या वयात मुलं जे रोज पाहतात तेच खेळतात. आई वेणी घालते, भांडी लावते, कुंकू लावते. तो तेच करतो. आपण मुलगा आहोत हे दोन-तीन वर्षांच्या मुलाला सांगता येतं, पण कपडे आणि केस बदलले तरी माणूस तोच राहतो ही समज साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होत जाते. साडी नेसली तर बाबा बाई होतील का, हे त्यालाच विचारून बघा. कदाचित ‘हो’ म्हणेल! बहुतेक मुलांचा हा खेळ पुढे आपोआप बदलतो, काहींचा टिकतो. पण ओढणी दिल्याने काही घडत नाही आणि हिसकावल्याने काही टळत नाही. हिसकावल्याने फक्त तो तुम्हाला सांगायचं थांबतो.

चिडवण्याची भीती मात्र खरी आहे, ती आईने हसण्यावारी नेऊ नये. शाळेत गणवेश असतोच, तिथे प्रश्न कमी. तरी वर्गशिक्षिकेला एकदा भेटून एवढंच सांगा : ‘घरी तो साडी-बांगड्यांचा खेळ खेळतो. वर्गात कुणी हसलं तर आम्हाला कळवा, आणि त्याला मुलींचं-मुलांचं असं काही ऐकवू नका.’ मुलाला एक वाक्य पाठ करून द्या : ‘मला आवडतं, मी खेळतोय.’ रात्री झोपताना बाबांनीच चिडवणारा मुलगा व्हायचं आणि त्याने उत्तर द्यायचं, असं आठवडाभर करा. आत्मविश्वास ठेव, घाबरू नकोस वगैरे या वयाला कळत नाही. तोंडात बसलेलं वाक्य मात्र वेळेवर आठवतं.

आता तुम्ही दोघं. तो झोपल्यावर वीस मिनिटं बसा, सासूबाईंना वगळून. प्रत्येकाने आपली भीती एका वाक्यात सांगायची, दुसऱ्याने ती खोडायची नाही. मग तीन गोष्टी ठरवा : घरात काय चालेल, बाहेर जाताना काय, पाहुण्यांसमोर कोण काय बोलेल. आम्ही सुचवू ते असं. घरात सगळं चालेल. बाहेर जाताना खेळाचे कपडे घरी ठेवायचे. हा नियम सगळ्याच सोंगांना हवा, नाहीतर वाघाची शेपटी चालते आणि बांगडी चालत नाही हे त्याला बरोबर समजतं. पाहुण्यांसमोर बाबांनीच म्हणायचं, ‘त्याचा खेळ चाललाय, चहा घ्या.’ हे वाक्य आईने म्हटलं तर वाद सुरू होतो, बाबांनी म्हटलं की विषय संपतो. महिन्याने पुन्हा बसा.

रविवारच्या प्रसंगाबद्दल बाबांनी मुलाशी दोन मिनिटं बोलावं, त्याच्या उंचीला बसून : ‘मी ओढणी खेचली ते चुकलं. पुन्हा असं करणार नाही.’ त्यापुढे ‘पण’ लावू नका. मग त्याच्या भातुकलीत गिऱ्हाईक व्हा, चहा मागा, पैसे द्या.

आईची उलटी चूकही होऊ शकते. फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं, ‘बघा किती गोड दिसतोय’ म्हणून आलेल्या-गेलेल्यांना दाखवणं, हे नको. खेळ त्याचा आहे, त्याला प्रेक्षक बसवू नका.

सासूबाईंशी वाद घालताना बालगंधर्वांचं नाव पुढे करू नका. ती नटाची कला होती, इथे पोराची भातुकली आहे. त्यापेक्षा बोरन्हाणाची आठवण द्या. काळे कपडे, हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट घालून या नातवाला त्यांनीच पाटावर बसवलं असेल.

खेळाचं सामान एका खोक्यात ठेवा, त्यात टोपी, जुना शर्ट, पोलिसाची शिट्टी, परकर, पिशवी सगळं असू द्या. पूर्ण लांबीची ओढणी मात्र देऊ नका : गळ्याला फास बसतो, झोपाळ्यात आणि सायकलच्या चाकात अडकते. डोक्याला बांधायला हातभर तुकडा पुरतो. पळताना आणि झोपताना तो काढायचाच. परकर जुन्या सुती साडीचा शिवा. कंबर ते घोटा मोजून त्यातून तीन बोटं कमी करा, नाहीतर पायात येऊन पडतो. नाडीऐवजी इलॅस्टिक घाला, कमरेच्या मापापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी. सेफ्टी पिन नको. काचेच्या बांगड्या काढून प्लॅस्टिकच्या द्या. चिकट टिकली तासन्‌तास ठेवू नका. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो. कुंकवाचं बोट लावा, खेळ झाला की पुसा. काजळ-सुरमा तर नकोच, काहींत शिसं निघतं.

डॉक्टर कधी? ‘मी मुलगीच आहे’ असं तो खेळाबाहेर, महिनोन्‌महिने, ठामपणे सांगू लागला, स्वतःच्या अंगाचा तिटकारा करू लागला, किंवा उदास राहून जेवण-झोप बिघडली, तर बालरोगतज्ज्ञांकडून बालमानसतज्ज्ञांकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची सूची स्पष्ट सांगते की नुसत्या अशा वागण्या-आवडींवरून कोणतंही निदान करायचं नाही. ‘याला बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका; राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तुम्हा दोघांनाच बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६, हा सरकारी फोन चोवीस तास असतो.

प्रश्न : सहा वर्षांची मुलगी भाच्याच्या मुंजीत परकर-पोलकं घालायला तयार नाही, तिला सदरा आणि जाकीटच हवं. नवरा म्हणतो घालू दे, मला लोकांची लाज वाटते.
— वाचक, ठाणे

उत्तर : आधी परकर उलटा करून बघा. जरीचा काठ टोचतो का, पोलक्याचा हूक मानेला काचतो का? अनेकदा भांडण तिथेच असतं, आतून मलमलीचं अस्तर लावलं की मिटतं. तसं नसेल तर सदरा घ्या, आणि आठ दिवस आधी घ्या. सकाळी मांडवात निघताना घातलेला वाद तिघांचाही दिवस खातो. एरवी तिने शर्ट-पँट घातली तर आपण कौतुकच करतो, मग मुंजीतच लाज का? कुणी विचारलंच तर ‘तिने निवडलंय’ म्हणा आणि पंगतीला बसा.