परतीचं तिकीट आत्ताच काढू की नंतर? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ऑस्ट्रेलियाने 2024 पासून भारतीय तरुणांना 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा (सबक्लास 462) खुला केला. वय 18 ते 30, वर्षाला 1,000 जागा आणि निवड सोडतीने. ब्रिटनच्या 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम'च्या वर्षाला 3,000 जागा असतात, त्याही सोडतीनेच. मराठवाड्यातून नंबर लागलेल्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं सध्या येताहेत. त्यांतले बहुतेक प्रश्न विमानाच्या तिकिटाचे आहेत, म्हणून या अंकात तेवढेच घेतले आहेत.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाचा 462 व्हिसा मंजूर झाला आहे. काका म्हणतात, परतीचं तिकीट नसेल तर मुंबईतच अडवतात किंवा तिकडून माघारी पाठवतात. खरं आहे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्यांना असा अनुभव येऊ शकतो, काकांनी तोच ऐकलेला असणार. 462 व्हिसाला परतीच्या तिकिटाची अट नाही, पैशांची आहे. सुरुवातीच्या दिवसांसाठी साधारण 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर आणि वर परत येण्याच्या भाड्याइतकी रक्कम तुमच्याकडे असायला हवी. मिळून तीन लाख रुपयांच्या पुढेच धरा. ती खात्यात दिसली की तिकिटाचा मुद्दा उरत नाही.

मुंबईत विमान कंपनीच्या काउंटरवरची माणसं नियम पाठ करून बसलेली नसतात. ते संगणकात तुमचा पासपोर्ट नंबर टाकतात आणि ऑस्ट्रेलियाच्या यंत्रणेकडून 'बसू द्या' किंवा 'बसू देऊ नका' असं उत्तर येतं. गडबड होते ती बहुधा व्हिसानंतर पासपोर्ट बदलला आणि नवा नंबर तिकडे कळवलाच नाही, अशा वेळी. तरीही कुणी परतीचं तिकीट मागितलं तर वाद घालू नका. व्हिसा मंजुरीचं पत्र आणि ताजं बँक स्टेटमेंट कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते.

प्रश्न : एकेरी तिकीट काढलं तर महाग पडतं, येण्याजाण्याचं काढलं तर स्वस्त, असं सगळे सांगतात. पण मी नेमका कधी परत येईन हे मलाच माहीत नाही. हिशोब कसा करायचा? — एक वाचक, जालना

उत्तर : आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विमानाचं तिकीट फार तर वर्षभर जिवंत असतं. पहिला प्रवास सुरू झाला की तिथून एक वर्ष, आणि प्रवास केलाच नाही तर तिकीट निघालं त्या तारखेपासून एक वर्ष. ही झाली वरची मर्यादा. स्वस्त भाड्यांना बरेचदा त्याहून कमी मुक्कामाची अट असते: तीन महिने, सहा महिने. ती भाड्याच्या नियमांत 'मॅक्झिमम स्टे' या नावाखाली लिहिलेली असते. पैसे भरण्याआधी हे दोन शब्द शोधाच.

दुसरी अडचण कॅलेंडरची. विमान कंपन्या साधारण अकरा-साडेअकरा महिने पुढपर्यंतच विक्री उघडतात. तुम्ही निघण्याच्या दोन महिने आधी बुकिंग केलं, तर निघाल्यापासून नऊ-साडेनऊ महिन्यांपुढची परतीची तारीख पडद्यावर दिसतच नाही. व्हिसा मात्र पहिल्या प्रवेशापासून 12 महिन्यांचा. म्हणजे पूर्ण वर्ष राहणाऱ्याला परतीची तारीख खोटीच टाकावी लागते आणि पुढे ती बदलावी लागते. बदल ठरलेलाच असेल तर बदलाचा खर्च आजच हिशोबात धरायला हवा.

आता आकडे. हे नुसते उदाहरणादाखल आहेत, तुमच्या तारखांचे आकडे स्वतः टाका. समजा मुंबई-मेलबर्न येण्याजाण्याचं ₹72,000, एकेरी जाण्याचं ₹38,000 आणि नंतर तिकडून एकेरी येण्याचं ₹40,000. दोन एकेरी मिळून ₹78,000, म्हणजे येण्याजाण्यात ₹6,000 वाचले. पण तारीख बदलावी लागली तर? बदलाची फी समजा ₹10,000 आणि भाड्यातला फरक ₹12,000. तिकीट पडलं ₹94,000 ला, म्हणजे दोन एकेरींपेक्षा ₹16,000 जास्त. वाचले तर सहा हजार, गेले तर सोळा हजार. चार शक्यतांपैकी तीन वेळा तरी तारीख तशीच राहणार असेल, तरच या आकड्यांत येण्याजाण्याचं परवडतं. वर्षभर कामं बदलत फिरणाऱ्याची तारीख इतकी पक्की नसते. म्हणून तुमच्यासारख्याला आमचं मत एकेरीकडेच झुकतं.

भाड्यातला फरक कुठून येतो, हे अनेकांना कळत नाही. एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा दहा-बारा वेगवेगळ्या भाव-गटांत विकल्या जातात. तुम्ही घेतलेला स्वस्त गट नव्या तारखेला संपलेला असेल तर वरच्या गटाचे पैसे मोजावे लागतात. 'तारीख बदल मोफत' असं लिहिलं असलं तरी माफ होते ती फी, हा फरक नाही.

येण्याजाण्याचं घेणारच असाल तर परतीची तारीख डिसेंबर-जानेवारीत किंवा दिवाळीच्या तोंडावर टाकू नका. आणि तारीख बदलायची ती परतीचं विमान सुटण्याआधी. नंतर फोन केला तर 'नो-शो' (प्रवासी आलाच नाही, असा शेरा) लागतो आणि बऱ्याच स्वस्त तिकिटांत हातात करांपलीकडे काही उरत नाही. परतीचा अर्धा भाग वापरला नाही तर अर्धे पैसे परत मिळतील, हीही समजूत काढून टाका. कंपनी आधी जाण्याच्या प्रवासाचं पूर्ण एकेरी भाडं वजा करते, आणि मग बहुतेक वेळा बाकी शून्य निघते.

प्रश्न : मुलीला ब्रिटनचा यंग प्रोफेशनल्स व्हिसा मिळाला आहे. नांदेडहून मुंबई गाठावी की हैदराबाद? आणि तिकीट कुठलं? — एक पालक, नांदेड

उत्तर : तिकिटाचं उत्तर सोपं आहे. व्हिसा 24 महिन्यांचा आणि तिकिटाचं आयुष्य एक वर्षाचं, त्यामुळे एकेरी घ्या. अपवाद एकच: ती पहिल्या वर्षाच्या आत एखाद्या लग्नाला किंवा सणाला नक्की येणार असेल आणि तारीख ठरली असेल तर येण्याजाण्याचं चालेल. पण मग ब्रिटनला परतण्यासाठी पुन्हा तिकीट लागेलच. तेव्हा लंडन-हैदराबाद-लंडन असं तिकडून सुरू होणारं येण्याजाण्याचं काढणं बहुधा सोयीचं पडतं. या व्हिसासाठी 2,530 पौंडांची बचत सलग 28 दिवस खात्यात दाखवावी लागते. ज्यांचा अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे, त्यांनी ती रक्कम तोवर तिकिटावर खर्च करू नये.

नांदेडहून हैदराबाद जवळपास निम्म्या अंतरावर आहे आणि तिथून ब्रिटिश एअरवेजचं लंडनला थेट विमान आहे. मुंबईला पर्याय जास्त म्हणून भाडं कधी कमी दिसतं, पण त्यात रेल्वेचा प्रवास, एखादा मुक्काम आणि सामानाची ओढाताण जोडा. फरक चार-पाच हजारांच्या आत असेल तर हैदराबादच धरा.

मुंबईच ठरली तर तारीख नीट वाचा. लांब पल्ल्याची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख, 00:40 अशी वेळ असेल तर विमानतळावर पोहोचायचं ते 14 च्या रात्री साडेनऊच्या आत. देवगिरी एक्स्प्रेस पकडून 15 च्या सकाळी मुंबईत उतरलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

प्रश्न : एजंट म्हणतो, 'ओपन तिकीट' देतो, परतीची तारीख कधीही टाका. भाव बाहेरपेक्षा आठ हजारांनी कमी. घ्यावं का? — एक वाचक, बीड

उत्तर : तारीख न टाकलेलं तिकीट आता साध्या स्वस्त भाड्यात सहसा मिळत नाही. तुम्हाला देत आहेत ते बहुधा दोहोंपैकी एक असावं. पहिली शक्यता ग्रुप किंवा सिरीज फेअरची. एजंटांनी ठोकात उचललेल्या या जागा असतात आणि त्यांत तारीख बदलणं बहुतेक वेळा अशक्य असतं. दुसरी शक्यता नुसत्या बुकिंगची, ज्याचे पैसे कंपनीला पोहोचलेलेच नसतात.

तपासायची रीत अशी. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, ती फक्त राखलेली जागा. पैसे भरले की 13 अंकी ई-तिकीट नंबर तयार होतो आणि त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडिया 098, सिंगापूर एअरलाइन्स 618, एमिरेट्स 176, क्वांटास 081. एजंटला हा नंबर मागा आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर पीएनआर व आडनाव टाकून बुकिंग उघडून पाहा. (इंडिगोसारख्या काही कमी भाड्याच्या कंपन्या पीएनआरवरच चालतात, तिथे 'कन्फर्म्ड' दिसतंय का ते बघा.) शिवाय भाड्याच्या नियमांची प्रत घ्या: बदलाची फी किती, नो-शो किती, मॅक्झिमम स्टे किती. तोंडी 'होऊन जाईल हो' यावर आठ हजार वाचवू नका.

आणखी एक. एजंटकडून काढलेल्या तिकिटात बदलही त्याच्यामार्फतच करावा लागतो, कंपनी थेट हात लावत नाही. सिडनीत तुम्हाला सुटी मिळेल तेव्हा बीडमध्ये दुकान उघडं असेलच असं नाही.

प्रश्न : मुंबई-क्वालालंपूर एका कंपनीचं आणि क्वालालंपूर-पर्थ दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं तर पंधरा हजार वाचतात. — एक वाचक, परभणी

उत्तर : वाचतात, पण जोखीम तुमच्या अंगावर येते. दोन वेगळी तिकिटं म्हणजे सामान मधेच ताब्यात घ्यायचं, इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. त्या देशात प्रवेशाची मुभा हवी आणि त्यांचा ऑनलाइन अर्ज असेल तर तोही आधी भरलेला हवा. पहिलं विमान चार तास उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला नो-शो धरते. हाच मार्ग घ्यायचा असेल तर मध्ये किमान सहा-सात तास ठेवा. शक्य असेल तर एक रात्र ठेवा.

हाच घोळ छत्रपती संभाजीनगरहूनही होतो. चिकलठाणा-मुंबई हे देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं तर इकॉनॉमीत सामान सहसा 15 किलो. पुढच्या तिकिटावर 30 किलो असले तरी त्याचा इथे उपयोग नाही, वरच्या 15 किलोंचे पैसे भरावे लागतात. वर्षभराचं सामान असेल तर ट्रेन किंवा समृद्धीवरून गाडी बरी. विमानानेच जाणार असाल तर तिकिटावर मुंबईसाठी बीओएम लिहिलंय की नवी मुंबईचं एनएमआय, हे पाहा. दोन विमानतळांमधलं अंतर वाहतुकीत दोन तासही खातं.

प्रश्न : आमची केशर आंब्याची बाग आहे, म्हणून ऑस्ट्रेलियात आंब्याच्याच कामावर जायचा विचार आहे. उतरावं कुठे? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : ऑस्ट्रेलियाचा हंगाम आपल्या उलटा. उत्तरेच्या डार्विन आणि कॅथरीन या गावांकडे आंब्याची तोडणी साधारण सप्टेंबर ते डिसेंबर चालते, दक्षिणेच्या टास्मानिया बेटावर चेरी-सफरचंदं डिसेंबरनंतर. म्हणजे उत्तरेला उतरून दक्षिणेकडे सरकणं हे हंगामाच्या क्रमाने जातं, आणि परतताना तुम्ही मेलबर्नच्या आसपास असाल. डार्विन-मुंबई परतीचं काढून ठेवलंत तर शेवटी मेलबर्न-डार्विनचं वेगळं भाडं बसेल. परतीचं हवंच असेल तर बुकिंगच्या वेळी 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडून जाणं एका शहरात आणि येणं दुसऱ्या शहरातून असं टाका. भाडं येण्याजाण्याच्या जवळपासच राहतं.

एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, हेही ध्यानात घ्या. ठरावीक भागात ठरावीक प्रकारचं काम तीन महिने, म्हणजे 88 दिवस केलं तर दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. तुमच्या मनात ते असेल तर आज काढलेलं परतीचं तिकीट जवळजवळ नक्की वाया जाईल. पगाराच्या पावत्या मात्र पहिल्या दिवसापासून जपा.

प्रश्न : पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये माझं आणि वडिलांचं नाव आहे. तिकिटावर काय लिहू? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : पासपोर्टवर जसं आहे तसंच, दोन्ही नावं आणि आडनाव, त्याच स्पेलिंगने. आधार कार्डावरचं स्पेलिंग इथे चालत नाही. आडनावाची जागा कोरी असेल तर बुकिंगआधी कंपनीला विचारा, प्रत्येकीची पद्धत वेगळी असते.

प्रश्न : एकेरी गेलो तर परतीचं तिकीट तिकडून कधी आणि कशाने काढायचं? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : डिसेंबरात यायचं असेल तर पाच-सहा महिने आधी, एरवी दोन-तीन महिने पुरतात. व्हिसा संपण्याच्या किमान आठवडाभर आधीची तारीख घ्या, विमान रद्द झालं तर जागा राहते. मधेच गावी येऊन गेलात तरी व्हिसाचे दिवस थांबत नाहीत, पहिल्या प्रवेशापासूनच मोजले जातात.

पैसे तिकडच्या बँकेच्या कार्डाने भरा. भारतीय कार्ड वापरणार असाल तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा आणि ओटीपी येणारं सिम रोमिंगसह चालू ठेवा. रिचार्ज संपून सिम बंद पडलं की ओटीपी येत नाही, आणि बँकेत नंबर बदलायला शाखेत या म्हणतात. परतीच्या भाड्याची रक्कम पहिल्या दोन महिन्यांच्या पगारातून वेगळ्या खात्यात टाकून ठेवा, खर्चाच्या खात्यात नको.